उंबर राहू द्या, लॉन आवरा: आमच्या सोसायटीच्या समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
तसेच येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेला येणारे आणि न येणारे सर्व सभासद

विषय: 'बागेचे नूतनीकरण' या प्रस्तावाबाबत

सप्रेम नमस्कार,

सभेच्या नोटिशीला जोडलेलं लँडस्केप कंत्राटदाराचं कोटेशन आणि त्याबरोबरची रंगीत चित्रं मी नीट पाहिली. चित्रं सुरेख आहेत. आकाश पुण्यात कधी नसतं इतकं निळं आहे, लॉनवर एक गुबगुबीत कुत्रा धावतोय आणि झाडाखाली एकही पान पडलेलं नाही. पक्षी मात्र कुठेच नाही. तेवढं एक चित्रकाराने खरं दाखवलंय, कारण या आराखड्याप्रमाणे बाग झाली तर पक्ष्यांना यायचं काही कारणच उरणार नाही.

हे पत्र समितीला खासगीत देता आलं असतं. खुलं लिहितेय, कारण थोड्याफार फरकाने हाच आराखडा पुण्यातल्या अनेक जुन्या सोसायट्यांच्या टेबलावर येऊन पडतो आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो चहाबरोबर मंजूर होतो.

समितीचा हेतू वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. मागची बाजू अंधारी वाटते, पार्किंगमध्ये उंबरं पडून गाड्या खराब होतात, पाला झाडून झाडून हाउसकीपिंगच्या बायका थकतात. तक्रारवहीतली ही सगळी वाक्यं खरी आहेत. त्यावर सुचवलेला उपाय असा: मागचा उंबर 'योग्य त्या परवानग्या घेऊन' काढणे, कुंपणालगतची 'अनावश्यक झुडपे' साफ करणे, पुढे-मागे मिळून सुमारे २०० चौरस मीटर मेक्सिकन लॉन, बाराफुटी फॉक्सटेल पाम, कडेने गोल्डन ड्युरांटा, भिंतीलगत कोनोकार्पसची हिरवी रांग, झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि खालून वर मारलेले फोकस. म्हणजे पंचवीसेक वर्षांत जे आपोआप वाढून आलं ते खरवडून काढायचं आणि जे पुढे पंचवीस वर्षांतही बाग होणार नाही ते पैसे देऊन आणायचं.

उंबरापासून सुरुवात करते, कारण सभेत भांडण तिथेच होणार आहे.

उंबराचं फळ म्हणजे आतून मिटलेला फुलोराच. शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला असतात आणि बाहेर जायला-यायला एक चिमुकलं भोक. त्या भोकातून जेमतेम दिसेल एवढी एक गांधीलवर्गातली माशी आत शिरते. वाट इतकी अरुंद असते की शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती परागण करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पुढची पिढी वाढते, नर बाहेर पडायची वाट कुरतडून देतात आणि माद्या पराग घेऊन दुसरं उंबर शोधत निघतात. त्यांच्या हातात एखाद-दोन दिवसच असतात. त्यामुळे एका झाडावरून माश्या निघाल्या की आसपासच्या दुसऱ्या कुठल्यातरी उंबरावर कोवळी फळं तयार असावी लागतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. उंबराचं काम त्यांच्याकडून होत नाही. आपल्या गल्लीतली उंबराची झाडं एकमेकांच्या भरवशावर जगतात ती अशी. आपलं एक गेलं की उरलेल्यांच्या साखळीतली एक कडी गेली.

आणि हे झाड वर्षातून अनेकदा फळतं, ज्या दिवसांत बाकी झाडांवर काही नसतं त्या दिवसांतसुद्धा. उंबरं पिकली की सकाळी मागच्या गॅलरीत उभं राहून बघा. तांबट, बुलबुल, साळुंक्या, कोकीळ आणि कोकिळा, पोपट, कधी राखी धनेशाची जोडी. हिवाळ्यात हळद्या. नशीब असेल तर हरियालांचा थवा, म्हणजे आपला राज्यपक्षी. तो जमिनीवर क्वचितच उतरतो, त्याचं पोट अशा वड-उंबरांवरच चालतं. रात्री फळवटवाघळं. या सगळ्यांसाठी आपण काही केलेलं नाही. फक्त इतकी वर्षं कुऱ्हाड लावली नाही. दत्तजयंतीला याच औदुंबराला प्रदक्षिणा घालणाऱ्या काही सभासदांच्या सह्या झाड तोडण्याच्या अर्जावरही आहेत, हे कुणाचं नाव न घेता नमूद करते.

कायद्याचंही सांगते. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रात झाड तोडायला १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 'उंबरं गाडीवर पडतात' हे त्या अर्जात लिहायला मला तरी लाज वाटेल. गाड्यांचा प्रश्न गाड्यांकडून सोडवा. झाडाखालच्या दोन चारचाकी जागा पुढच्या बाजूला हलवता येतात, कारण तिथे दुचाकींनी चारचाकीची जागा अडवलेली आहे. उंबराखाली सायकली आणि स्कूटरसाठी पत्र्याची हलकी शेड टाका. फार तर पार्किंगवर आलेली फांदी रीतसर परवानगीने छाटा. खर्च कोटेशनमधल्या एका पामाच्या आसपास येईल.

आता कोटेशनमधला 'मॅच्युअर प्लँट्स' हा प्रकार. याचा अर्थ मोठ्या पिशवीत वाढवलेलं, ट्रकने आणलेलं उंच झाड. उद्घाटनाच्या दिवशी ते रुबाबदार दिसतं. पण पिशवीत वर्षानुवर्षं राहिल्याने त्याची मुळं गोल गोल फिरलेली असतात, जमिनीत पसरायला ती वर्षं घेतात, आणि तेवढ्यात शेजारी लावलेलं दीड-दोन फुटी रोप त्याला गाठतं. फॉक्सटेल पाम तर पिशवीतही पाम आणि पन्नास वर्षांनीही पाम. त्याच्या खोडाला ढोली होत नाही की त्यावर कुणी घरटं शिवत नाही.

जुनी बाग वेगळी असते ती उंचीमुळे नव्हे. तिच्यात वाळलेली फांदी असते. तांबट स्वतः भोक कोरून घरटं करतो, पण त्याची चोच नाजूक. त्याला कुजून मऊ झालेलं लाकूड लागतं. आपल्या गेटजवळच्या गुलमोहराच्या वाळक्या फांदीत गेली काही वर्षं त्याची टुक टुक चालू आहे ती यामुळेच. त्याने सोडलेल्या भोकात पुढे दुसरं कुणी राहायला येतं. धनेशाला तर रुंद खोडातली नैसर्गिक ढोली लागते; मादी आत बसते, तोंड लिंपून घेते आणि नर फटीतून तिला उंबरं भरवतो. अशी ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. सालीच्या भेगा, त्यातले कोळी, मुळांशी जमलेला पाला, पाल्याखालची गांडुळं, त्यांच्या मागे येणारा दयाळ. हे सगळं वेळेनेच येतं आणि कुठल्याही नर्सरीत मिळत नाही. वाळकी फांदी रस्त्यावर किंवा खेळण्याच्या जागेवर येत असेल तर जरूर काढा, तिथे हट्ट नको. आतल्या बाजूची असेल तर राहू द्या.

म्हणूनच गुलमोहर परदेशी आहे, मूळचा मादागास्करचा, तरी तो तोडा असं मी म्हणणार नाही. पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला, पीतमोहर आग्नेय आशियातला. आपल्या निम्म्या पुण्याची सावली अशीच बाहेरून आलेली आहे. उभं आहे ते उभं राहू दे, वळवाच्या पावसात मोडू नये म्हणून वेळच्या वेळी छाटणी करा, आणि त्याच्या सावलीत आतापासून इथली झाडं लावा. गुलमोहर जाईल तेव्हा जागा रिकामी दिसणार नाही.

आता मुख्य मुद्दा, जो कोटेशनमध्ये 'कीडमुक्त बाग' या दोन शब्दांत उडवलेला आहे.

बागेत कोण काय खातं, यावर तिथे कोण राहणार हे ठरतं. चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना भरवते अळ्या आणि किडे. शिंजीर मध पितो, पिल्लांना कोळी आणि किडे नेऊन देतो. शिंपी, नाचण, चष्मेवाला या पक्ष्यांचं सगळं घर अळ्या-किड्यांवर. ज्या बागेत एकही पान कुरतडलेलं नाही त्या बागेत पिल्लं वाढवता येत नाहीत. आणि अळ्या कुठलंही पान खात नाहीत. पानातल्या विषाशी जमवून घ्यायला त्यांच्या पिढ्यान्पिढ्या गेलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येकीची झाडं ठरलेली. इथल्या अळीला इथलं झाड लागतं. कोनोकार्पस आणि ड्युरांटा वर्षभर चकचकीत दिसतात ते याच कारणाने: आपल्याकडचं फारसं कुणी त्यांना तोंड लावत नाही. आपण त्याला निरोगी म्हणतो.

घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरं दिसतात, मग देशीचा आग्रह कशाला, असा प्रश्न मागच्या बैठकीत आला होता. दिसतात, खरंच. फुलपाखरू हॉटेलात कुठेही जेवतं, बाळंतपणाला मात्र माहेरीच जातं. आपल्या सोसायटीतली माहेरं कोणती ते सांगते. ए विंगच्या मागचा कढीपत्ता आणि तळमजल्यावरच्या आजींचं लिंबू, तिथे कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय अंडी घालतात. पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी ती अळी म्हणजे काही दिवसांनी उडणारं फुलपाखरू आहे, फवारा मारू नका. याच लिंबाच्या कुळावर ब्लू मॉर्मनही वाढतं, ज्याला महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं; असं करणारं आपलं पहिलं राज्य. पार्किंगच्या कडेचे उंच निमुळते खोटे अशोक, ज्यांना कंत्राटदाराने 'आउटडेटेड' म्हटलंय, त्यांवर टेल्ड जे वाढतं, हिरव्या ठिपक्यांचं, एका जागी न बसणारं. आंब्यावर कॉमन बॅरन. पंपरूमच्या मागची रुई म्हणजे प्लेन टायगरचं घर, आणि प्रस्तावातल्या 'अनावश्यक झुडपां'त तिचा पहिला नंबर आहे. आंब्यावरचं बांडगूळसुद्धा सगळं काढू नका. त्याची चिकट फळं फुलटोच्या पक्षी खातो आणि त्याच्या पानांवर कॉमन जेझबेल वाढतं, पिवळं-लाल, ज्याचे फोटो आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर 'शुभ सकाळ' म्हणून फिरतात. आंब्याला ओझं होईल इतकं झालं तर निम्मं काढा.

करंजाच्या पानांवर गाठी आल्यात म्हणून तो 'रोगट' ठरवला गेलाय. त्या गाठी एका अतिसूक्ष्म कोळीकिड्यामुळे येतात, बहुतेक करंजांवर असतात आणि झाड त्यांच्यासकट आरामात जगतं. करंजाला रोगट म्हणणाऱ्याने चैत्रात त्याच्याखाली उभं राहून मधमाश्यांचा आवाज ऐकावा.

मग नवीन काय लावायचं? सगळं देशी सगळीकडे लावता येत नाही, हे आधी सांगते. वड, पिंपळ आणि काटेसावर आपल्या आवारात नकोत. इमारतीपासून पुरेसं अंतरच नाही. सप्तपर्णी देशी आहे, पण शहरात इतकी लावून ठेवलीय की ऑक्टोबरात डोकं धरायची वेळ येते. आणखी एक नको. मध्यम उंचीची झाडं घ्या. पश्चिमेच्या भिंतीकडे वायवर्ण: वसंतात पानांआधी पांढरट-पिवळ्या फुलांनी भरतो, आणि ग्रेट ऑरेंज टिप फुलपाखराच्या अळ्या त्याचीच पानं खातात. भोकर: फळं पक्ष्यांना, आणि वाटणी नीट झाली तर लोणच्यापुरती आपल्यालाही. बहावा एक, त्यावर पिवळी-पांढरी एमिग्रंट फुलपाखरं. आपटा एक, बरोबर एक पाटी: दसऱ्याला फांद्या ओरबाडू नयेत. पांगारा कोपऱ्यात, कारण काटे आहेत; पण माघ-फाल्गुनात त्याच्या लाल फुलांवर साळुंक्या, कावळे, शिंजीर यांची जी गर्दी उडते ती कुठल्याही फोकसने होणार नाही. टाकीच्या ओव्हरफ्लोची ओल जिथे कायम असते तिथे सीताअशोक. ताम्हण आपलं राज्यफूल, तेही ओलीच्याच बाजूला.

त्याखाली झुडपं. इथेच आपली बाग सगळ्यात पोकळ आहे: वर झाडं आणि खाली एकदम गवत, मधे काही नाही. शिंपी, बुलबुल, भारद्वाज यांना माणसाच्या उंचीची दाटी लागते. धायटी लावा, हिवाळा सरताना तिच्या केशरी-लाल फुलांसाठी शिंजिरांची मारामारी होते. मुरुडशेंग, कुडा, निर्गुडी, तरवड. भिंतीलगत कोनोकार्पसऐवजी अडुळसा, कोरांटी आणि करवंद मिसळून लावा. अडुळशाला बकरीही तोंड लावत नाही, सुतारभुंगे मात्र त्याच्या फुलांत अख्खे शिरतात. करवंदाचे काटे सिक्युरिटी कॅमेऱ्याइतके उपयोगी आहेत आणि मेंटेनन्स मागत नाहीत. कोनोकार्पसबद्दल एवढंच: गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मुळं पाइपलाइनमध्ये घुसतात, हे त्यामागचं एक कारण. आपल्या ड्रेनेजची अवस्था सचिवांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जाळीवर वेल सोडा. सापसंदावर कॉमन रोज आणि क्रिमझन रोज ही फुलपाखरं वाढतात, हरणदोडीवर ब्लू टायगर. खुळखुळ्याची चार झाडं उन्हात असली की टायगर फुलपाखरांचे नर त्यावर झुंबड करतात. मधासाठी नाही, त्यातल्या एका रसायनासाठी, जे त्यांना मादीला आकर्षित करायला लागतं. पावसाळ्यात जमिनीवर तेरडा आपोआप येईल, फक्त कटर फिरवू नका. दुकानातली 'वाइल्डफ्लॉवर मिक्स' पाकिटं मात्र कृपा करून आणू नका. त्यात बहुधा कॉसमॉस असतो, आणि तो पुण्याच्या टेकड्यांवर कसा पसरलाय ते पावसाळा संपताना फिरायला जाणाऱ्यांनी पाहिलंच असेल.

लॉनबद्दल थोडं हिशेबाने बोलू. पुण्याच्या उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर चौरस मीटरला दिवसाला पाचेक लिटर पाणी धरा. २०० चौरस मीटरला १,००० लिटर. म्हणजे १०,००० लिटरचा एक टँकर दहा दिवसांत फक्त गवताला. एप्रिल-मे महिन्यांत आपण सभासदांना सकाळी दोनच तास पाणी सोडतो, आणि त्याच महिन्यांत हे टँकर मागवायचे आहेत. मुलांना खेळायला गवत हवं, हे मला मान्य आहे. त्यासाठी मधला चौक ठेवा, दुर्वा-हरळीचा, मेक्सिकन नव्हे. उरलेल्या जागेत झुडपं लावली तर पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एक-दोनदा पाणी, पुढे त्याहूनही कमी. इथलीच झाडं आहेत, आठ महिने कोरडे काढायची त्यांना सवय आहे.

पाल्याचंही तसंच. आपण पाला गोळा करतो, पोत्यांत भरतो, पैसे देऊन बाहेर पाठवतो, आणि मग शेणखताची पोती विकत आणतो. कधी कधी मागे जाळतोही, आणि धुराची तक्रार सी विंगकडून येते. घनकचऱ्याच्या नियमांनुसार बागेचा कचरा आपणच आवारात वेगळा ठेवायचा आहे, जाळायचा तर नाहीच. पाला झाडांच्या बुंध्यापासून वीतभर सोडून तिथेच पसरवा. ओल टिकते, माती सुधारते, बायकांचं काम निम्मं होतं. वाटा आणि पार्किंग रोज झाडा, बागेत खराटा नको. आणि बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक आणू नका. निदान मीटरभर माती उघडी राहू द्या, नाहीतर पाणी मुळांपर्यंत जाणार कुठून? फोकसबद्दल: वाटेवर खाली तोंड केलेले दिवे लावा, अंधाराची तक्रार तेवढ्याने मिटते. झाडात रात्रभर उजेड सोडला तर पतंग दिव्यापाशी मरतात आणि पक्ष्यांची झोप मोडते.

दोन शंका सभेत नक्की येणार. पहिली डासांची. डेंग्यूचा डास पाल्यात किंवा झुडपात पैदा होत नाही, तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो: कुंड्यांखालच्या बशा, एसीच्या पाण्याची बादली, गच्चीवरचं जुनं टायर. तपासणी तिथे करा. पक्ष्यांसाठी उथळ मातीचं भांडं ठेवायचं तर दर दोन दिवसांनी पाणी ओतून घासायचं. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, तेवढी संधी द्यायची नाही. भांड्यात एक दगड ठेवा, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत.

दुसरी सापांची, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. टेकडीच्या पायथ्याला राहतो, साप येणारच, आजही येतात. पण ते झाडांसाठी येत नाहीत, उंदरांसाठी येतात. उंदीर आहेत कचऱ्याच्या शेडजवळ आणि पंपरूममागे टाकलेल्या राडारोड्यात, जो प्लंबिंगच्या कामानंतर उचलायचा राहून गेलाय. तो आधी उचला. तळमजल्याच्या खिडक्यांपासून दीड मीटर आणि खेळण्याच्या जागेभोवती दाट झुडूप नको, वाटांच्या कडा कापलेल्या ठेवा. धामण दिसली तर ती बिनविषारी आहे आणि उंदरांचं काम आपल्यापेक्षा चोख करते. खात्री नसेल तर काठी न उचलता सर्पमित्राला फोन. रुईचा चीक डोळ्यांना घातक आहे, म्हणून ती मागेच राहू द्या, मुलांच्या वाटेवर नको.

आता वेळापत्रक. आपली सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत होते. कंत्राटदाराला दिवाळीच्या आत काम संपवायचंय. म्हणजे पाऊस परत जाताना लावायचं आणि थेट पुढच्या जूनपर्यंत टँकरने जगवायचं. त्यात जी झाडं मरतील त्यांची 'रिप्लेसमेंट' वेगळ्या दराने आहे, कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात बघा. त्याऐवजी हिवाळाभर जमीन तयार करू. आपल्या आवारात वीतभर मातीखाली बांधकामाचा भराव आहे, तो जागोजागी काढून पाला आणि खत मुरवायला महिने लागतील. मे महिन्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे. वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांतून लहान रोपं. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की लागवड. पहिल्या वर्षी झुडपं आणि वेल, दुसऱ्या वर्षी झाडं, तिसऱ्या वर्षी लॉनचा एक तुकडा कमी. असं टप्प्याने केलं की एका वर्षात सगळा सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठीचा राखीव निधी, उकरायची वेळ येत नाही.

फळ काय आणि कधी मिळणार, हेही साफ सांगते. लिंबू-कढीपत्त्यावरची फुलपाखरं पहिल्याच पावसाळ्यात वाढलेली दिसतील. झुडपांत घरटी यायला तीन-चार वर्षं. बहावा, पांगारा मनासारखे फुलायला त्याहून जास्त. त्या मधल्या काळात बाग चित्रातल्यासारखी दिसणार नाही. एखाद्या मेमध्ये तर अगदी वाळकी दिसेल. पाहुणे विचारतील. त्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना नीटनेटकी कड, दोन बाकं आणि झाडांच्या मराठी नावांच्या पाट्या एवढा खर्च जरूर करा. कड नीट असली की आतली रानटी वाढ मुद्दाम ठेवलेली आहे हे लोकांना कळतं, आणि पाट्या लिहिण्यात आपल्या शहराचा हात कुणी धरणार नाही.

एक गोष्ट पैशाची, पण कंत्राटदाराच्या नव्हे. आपले माळीकाका आठवड्यातून दोनदा येतात आणि त्यांना आपण सांगतो फक्त 'कापा'. त्यांना गावाकडची निम्म्याहून जास्त झाडं नावानिशी माहीत आहेत. बांडगुळाखाली फुलटोच्याचं घरटं मला त्यांनीच दाखवलं. कोटेशनमधला 'वार्षिक देखभाल' हा आकडा बघा आणि त्यातला अर्धा त्यांच्या पगारात घाला. कात्री चालवण्याआधी घरटं आहे का ते बघायचं, आणि फेब्रुवारीपासून पावसाळा संपेपर्यंत मोठी छाटणी टाळायची, धोक्याची फांदी सोडून. एवढी सूचना त्यांना पुरेल.

माझी समितीला विनंती अशी की हा विषय सभेत मंजुरीसाठी न ठेवता चर्चेसाठी ठेवावा, उंबर काढण्याचं कलम प्रस्तावातून वगळावं, आणि तीन वर्षांच्या टप्प्याटप्प्याच्या लागवडीसाठी पाच सभासदांची बाग समिती नेमावी. त्यात तक्रारवहीत सगळ्यात जास्त लिहिणारे दोघे तरी असावेत. कुठे ऊन, कुठे ओल, कुठे पाइपलाइन याचा हाताने काढलेला नकाशा आणि रोपांची यादी मी सोसायटीच्या ऑफिसात ठेवली आहे. सभेआधी कुणाला आवारात फिरून बघायचं असेल तर रविवारी सकाळी सातला उंबराखाली या. गाडी पुढे लावा.

कळावे,

आपली,
बी विंगमधली एक सभासद